सीताबाईची खार

त्या कादंबरीचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही लगेच "हो हो, वाचलीय की, कॉलेजात असताना!" म्हणणार, आणि तुमच्याबद्दल मला जो काही थोडाफार आदर आहे तोही जाणार. मराठी माणूस एरवी खोटं बोलताना जरा तरी अडखळतो, पण या कादंबरीचा विषय निघाला की बेधडक बोलतो. थोर कादंबरी आहे. खाडीकाठच्या शाळेत दोन वर्षं मास्तरकी करून गेलेल्या माणसाने लिहिलेली, आणि शेवटचं प्रकरण तर आमच्या कशेळीच्या बाजूलाच घडतं. त्यामुळे भिवंडीत ती न वाचलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही. नारपोलीच्या आमच्या वाचनालयात तिची एकच प्रत आहे, काचेच्या कपाटात. कपाटाची किल्ली माझ्याकडे. गेल्या चौदा वर्षांत ती प्रत वाचायला म्हणून एकाही सभासदाने मागितलेली नाही. तरी सगळ्यांनी वाचलीय. काचेतून वाचली असेल.

मी या वाचनालयाचा मानद कार्यवाह. पोटासाठी पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच इनचार्ज. दिवसभर लोकांना "ही पेटी तिकडे, ती पेटी इकडे" सांगायचं आणि संध्याकाळी सहा ते आठ मराठी भाषेची सेवा करायची, असा माझा दिनक्रम. जन्म आगरी घरातला, पण जिभेवर मी मेहनत घेतली आहे. "न्हाय"चं "नाही" केलं, "पानी"चं "पाणी" केलं. आमच्या अख्ख्या आळीत 'ण' आणि 'ळ' जागच्या जागी उच्चारणारा मी एकटा आहे, आणि हे मी नाही, आळीच म्हणते. म्हणताना हसते, तो भाग वेगळा. आमची आई, ठकुबाई, अजून हाय-न्हाय करते. तिला सुधारायचा नाद मी सोडला.

आता तुम्ही विचाराल, तू तरी वाचली आहेस का? अर्थात वाचली आहे. प्रस्तावना संपूर्ण. मलपृष्ठ अनेकदा. आणि शेवटचं पान तर मला पाठ आहे. मधली चारशे पानं वाचली नाहीत म्हणून कादंबरी कळत नाही, असं मानणारा मी नाही. जी खरी थोर कलाकृती असते तिचा सगळा अर्क शेवटच्या पानात उतरलेला असतो. तिथे लिहिलंय: "बांध फुटला. पोटच्या पोरीसारखी जन्मभर जपलेली खार डोळ्यांदेखत पाण्यात गेली. सीताबाईने हात जोडले." संपली कादंबरी. आहाहा! या तीन वाक्यांवर मी आजवर अकरा भाषणं दिली. एकाकी म्हातारी. तिने पाळलेली एक चिमुकली खार. भावनांचा बांध फुटतो, खार निसटते, पाण्यात जाते. खार म्हणजे आत्मा, पाणी म्हणजे अनंत. हे मी बोललो की समोरच्या बायका पदराने डोळे टिपत. पुरुष घड्याळ बघत, पण गंभीर चेहऱ्याने.

तर एका सोमवारी वाचनालयात भाऊ आले. भाऊ म्हणजे कशेळीचे मोठे जमीनवाले, आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, वाचनालयाच्या जागेचे मालक, आणि मी जिथे ड्युटी करतो त्या गोडाऊनचेही मालक. म्हणजे दिवसाचे चोवीस तास मी कुठेही उभा असलो तरी भाऊंच्याच छपराखाली असतो. त्यांनी खोलीच्या चारी कोपऱ्यांत नजर फिरवली. ही नजर मी ओळखतो. भिवंडीत माणूस कुठल्याही खोलीत शिरला की आधी मनातल्या मनात तिथे किती खोकी बसतील ते बघतो.

"जीवन," भाऊ म्हणाले, "यो पार्सलवाला मागं लागलाय. त्याला नारपोलीत जागा पायजे. तुजी ही बुकं वाचतो कोन रं?"

"भाऊ, पुढच्या महिन्यात वाचनालयाला पन्नास वर्षं होतायत!" मी म्हणालो. खरं तर एकोणपन्नास होत होती, पण वेळ तशी होती.

"मंग?"

"मग मोठा कार्यक्रम. ठाण्याहून समीक्षक बोलवू. आणि त्या थोर कादंबरीवर एक भव्य चित्र काढून भिंतीवर लावू. लोक बघायला येतील."

भाऊंनी विचार केला. ते म्हणाले, "कर. मानसं आली, खोली भरली, तर राहूदे तुजं वाचनालय. न्हाय आली तर एक तारखेपासून इथं पार्सलं." एवढं बोलून त्यांनी आत्मचरित्रांच्या रॅकची लांबी पावलांनी मोजली आणि गेले.

दुसऱ्याच दिवशी मी कार्यकारिणी बोलावली. कार्यकारिणी म्हणजे मी सोडून सात माणसं. त्यातल्या चौघांचं काम चहा पिऊन "बरोबर आहे" म्हणणं हे असल्यामुळे त्यांची नावं सांगत बसत नाही. उरलेल्यांत एक भाऊ. दुसरे सावळाराम, माझे शेजारी, लूमच्या कारखान्यात मुकादम होते, आता निवृत्त, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला तयार. तिसऱ्या मृणालीताई, बँकेत असतात, आणि "फारच प्रतीकात्मक" हा शब्द त्यांना सापडल्यापासून त्यांनी खाली ठेवलेला नाही.

"चित्रात काय असावं?" मी विचारलं. "माझं मत, शेवटचा प्रसंग. सीताबाई, पाणी आणि खार."

"खार तर हवीच!" मृणालीताई म्हणाल्या. "किती प्रतीकात्मक आहे ना ती? मी बारावीत वाचली तेव्हा घरी एक खार पाळायचा हट्टच धरला होता."

"मी सातवीत वाचलेली," भाऊ म्हणाले. "ती खार मेली तवा दोन दिस जेवलो न्हाय."

भाऊ सहावीत शाळा सोडून गेले, हे सगळ्या कशेळीला माहीत आहे. पण मी काय बोलणार? सावळाराम म्हणाले की खारीचं नाव काय होतं ते आता त्यांना नेमकं आठवत नाही, पण गोड होतं. चौघे "बरोबर आहे" म्हणाले. सात माणसं, आणि एकानेही पुस्तक उघडलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. माझी त्यांच्याबद्दलची तुच्छता त्या क्षणी इतकी वाढली की मी दुसऱ्या चहाला नाही म्हणालो. भाऊंनी जाता जाता एक अट घातली. "मागं आमचं पूर्न्याचं गोडाऊन घे बारीकसं. निल्या छपराचं." थोर कादंबरीत गोडाऊन! पण जागेचा मालक तो, मी मान डोलावली.

चित्र बाहेरच्या भिंतीवर काढायचं ठरलं होतं, म्हणून परवानगीला गेलो. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही. मला अजून या गावात राहायचं आहे. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज वाचला.

"चित्र कशाचं?"

"कादंबरीचं."

"बाईंचं संमतीपत्र जोडलंय?"

"कुठल्या बाईंचं?"

"कादंबरीबाईंचं. जिवंत व्यक्तीचं चित्र भिंतीवर काढायचं तर तिची संमती लागते. उद्या तक्रार आली म्हणजे?"

मी त्यांना शांतपणे, सगळे उच्चार सांभाळून सांगितलं की कादंबरी हा साहित्यप्रकार आहे. त्यांनी परवानगीच्या प्रकारांची यादी बघितली. यादीत जाहिरात होती, धार्मिक होतं, अभिनंदन आणि श्रद्धांजली होती. साहित्यप्रकार नव्हता. साहेब मनाने वाईट नव्हते. खिडकीतून पुढे वाकून हळूच म्हणाले, "असं करा, बाई मयत दाखवा. श्रद्धांजलीत लगेच होऊन जाईल." मराठी साहित्याला श्रद्धांजली वाहण्याची वेळ आली आहे हे मला मान्य आहे, पण ती खिडकी नंबर तीनवर वाहायला मी तयार नव्हतो. चित्र आतल्या भिंतीवर, कापडावर करायचं ठरवून परत आलो.

कापड म्हटल्यावर सावळाराम धावत आले. "विकत कशाला घेता? आपल्या लूमवरचं कोरं ग्रे कापड आणून देतो. भिवंडीच्या चित्राला भिवंडीचंच कापड!" टाळ्याच वाजवाव्यात असा विचार. सुताराकडून आठ फुटी चौकट आणली, कापड ताणून ठोकलं. आता कोऱ्या कापडाच्या सुताला खळ असते हे ज्या माणसाने पस्तीस वर्षं लूमवर काढली त्याला माहीत नसावं? रंगाचं पहिलं पाणी लागलं, खळ सुटली, आणि कापडाला मधोमध झोळ आला. सावळाराम म्हणाले, आणखी भिजवा, ताठ होईल. भिजवलं. वाळल्यावर ते इतकं आटलं की चौकटीचे चारही कोपरे भिंत सोडून पुढे आले. मग म्हणाले, खाली विटा बांधा. विटा बांधल्या. त्यातली एक निळ्या रंगाच्या डब्यात पडली, आणि आमच्या नाटकांच्या कपाटाला आता कायमची भरती आली आहे. सावळारामांनी ते सगळं हात मागे बांधून पाहिलं आणि म्हणाले, "मी आधीच सांगणार होतो, प्लायवूड घ्या." शेवटी प्लायवूडच घेतलं.

रंगवायला काळूराम. काळूराम म्हणजे लग्नघरांच्या भिंती रंगवणारा आमच्या भागातला नावाजलेला माणूस. गणपती, कलश, केळीचे खांब आणि मध्ये नवरानवरीची नावं, हे तो डोळे मिटून काढतो. कधी कधी खरोखरच डोळे मिटून काढतो असं वाटतं. मी त्याला प्रसंग समजावून सांगितला. बांध, म्हातारी, पाणी, खार.

"बरं," तो म्हणाला. "मंग खार आडवी घेऊ ना? अशी लांब?"

"आडवी? खार उभी असते. मागच्या पायांवर."

काळूरामने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला रंगाचा वासच चढला आहे. "पायावर? बरं. केवढी काढू?"

"हातात मावेल एवढी."

"एवढीशी?" त्याने हळहळून विचारलं. "वाटन्या झाल्या व्हत्या काय?"

या लोकांशी साहित्य बोलणं म्हणजे शिक्षा आहे. मी फोनवर खारीचा फोटो शोधून त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघ. ही खार! झाडावर पळते ती. पाठीवर पट्टे. शेपूट. आता कळलं?"

"अस्सं! मंग तसं सांगा की," काळूराम म्हणाला. "पन साहेब, ही पान्यात कशाला जाल?"

"ते प्रतीक आहे. तुला नाही कळायचं."

"न्हाय कलत," त्याने कबूल केलं आणि ब्रश बुडवला.

चार दिवसांनी बघायला गेलो तर सीताबाई हिरवा चुडा भरून, नाकात नथ घालून, बाशिंग बांधून उभी. सत्तर वर्षांची एकाकी म्हातारी ती! वर कमानीत "शुभविवाह" असं लिहिलेलं. काळूराम म्हणाला, हाताला सवय, आपोआप होतं. बाशिंग पुसलं, चुडा पुसला, नवरी म्हातारी करता करता तिला दाढी आल्यासारखं दिसायला लागलं, तीही पुसली. "शुभविवाह" खोडायला त्यावर ढग काढले, तरी नीट बघितलं की त्या ढगांना उकार आणि वेलांटी दिसते. आणि खार! त्याने आयुष्यात खार काढलेली नव्हती. लग्नात बाईच्या हातात आरतीचं ताट असतं, तेवढ्या मापात त्याने ती बसवली. बोकडाएवढी झाली. मृणालीताई म्हणाल्या मांजर छान आलंय. भाऊ म्हणाले मुंगूस. सावळाराम म्हणाले, प्रतीक असल्यामुळे मोठं काढलंय ते बरोबरच आहे. मागे पाण्याच्या पलीकडे निळ्या छपराचं गोडाऊन मात्र अगदी हुबेहूब आलं होतं. पत्र्याची एकेक पन्हळ मोजून घ्यावी.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला. खोली भरली नाही तर वाचनालय गेलं, हे माझ्या डोक्यात घण घालत होतं, म्हणून मी गोडाऊनच्या सगळ्या शिफ्टला आमंत्रण दिलं, आळीत घरोघर फिरलो, आणि शेवटी, अगदी शेवटी, आईला म्हणालो, तूही ये, तुझ्या कशेळीच्या मैत्रिणींनाही आण. आई चौदा वर्षांत वाचनालयात आली नव्हती. "मी येऊन काय करू? मना वाचता येतं काय?" असं म्हणाली, पण नवं लुगडं काढलं. अकराच्या ठोक्याला आठ-दहा म्हाताऱ्या घेऊन हजर. पहिल्या रांगेत बसल्या. बाकीच्या खुर्च्यांवर भाऊ नजर फिरवत होते. मी मोजायचं टाळलं.

समीक्षक साडेबाराला आले. कशेळीच्या पुलावर ट्रकांत अडकले होते. आल्या आल्या त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "कादंबरीचा शेवट काय हो आहे, जरा आठवण करून द्या. परवाच पुन्हा वाचली, पण प्रवासात डोकं दुखतंय." मी खार सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. पडदा उघडला आणि त्यांनी खारीवर पंचवीस मिनिटं भाषण ठोकलं. खारीच्या पाठीवरचे तीन पट्टे म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य. खार ही स्त्रीची दडपलेली अस्मिता. मृणालीताई वहीत उतरवून घेत होत्या. माझी छाती फुगली. एवढा मोठा माणूस माझंच बोलत होता, फक्त जास्त अवघड शब्दांत.

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला.

"आनी खार कुटं हाय?"

मी हसलो. "ती काय आई, सीताबाईच्या हातात."

"ती खारूताय हाय," आई म्हणाली. "मी खार इचारतंय. खार!"

आणि मग, हे कसं सांगू, मला समजलं. पहिल्या शब्दालाच समजलं. खार! खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, आतल्या खाऱ्या जमिनीत भात लावायचा, ती खार. आमच्या आजाची होती. "खारीवर जाऊन येतंय" हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकत होतो. शब्द मला ठाऊक होता, पक्का ठाऊक होता. पण एवढ्या थोर पुस्तकात, शुद्ध मराठीच्या मंदिरात, माझ्या आईच्या तोंडचा शब्द असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही! मला वाटलं, साहित्यात खार आहे म्हणजे ती झाडावरचीच असणार. आणि भावनांचा बांध! बांध म्हणजे बांध, मूर्खा, मातीचा!

आई उठून चित्राजवळ गेली होती. तिच्या मागून मैत्रिणी गेल्या. "बांध फुटला तर खारच जानार ना पान्यात," ती त्यांना समजावत होती. "खारूताय कशाला जाल? ती झाडावं चडल." मग तिने निळ्या छपरावर बोट ठेवलं. "खार ही हितं हाय. ह्या गोडावनाच्या खालती. आमची बी तितंच हाय. यो जीवन रोज तिच्यावंच ड्युटीला जातंय."

हे खरं होतं. भाऊंना जमीन दिली तेव्हाच मला इनचार्जची नोकरी मिळाली. मी भाऊंकडे बघितलं. दोन दिवस न जेवलेले भाऊ छताकडे बघत होते. मृणालीताई वहीतलं काहीतरी खोडत होत्या. सावळाराम पंख्याचं बटण तपासायला गेले, पंखा चालू असताना.

आई माझ्याकडे वळली. "जीवन, तू वाचलंयस ना ते बुक? कसा फुटला रं त्या बाईचा बांध? उदानाची पुनव व्हती? समदी मानसं टोपल्या घेऊन धावली न्हाईत काय? आमी तर रातरात चिखल टाकून बांध धरायचो. तिला कुनी व्हतं न्हाय काय?"

शंभर-सव्वाशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी समीक्षकांकडे बघितलं. ते पाणी पीत होते, आणि पेला रिकामा होऊनही पीत राहिले. चारशे पानांत कुठेतरी ते सगळं लिहिलेलं असणार, काचेच्या आड, आणि किल्ली माझ्या खिशात.

"आई," मी म्हणालो, "मी घरी सांगतो तुला."

पण म्हाताऱ्या ऐकतायत कुठल्या! एकीने विचारलं, तुमची खार कंच्या बाजूला व्हती गं. दुसरी म्हणाली आमची तिला लागूनच. काळूराम मागून ओरडला, "मी साहेबांना इचारलेलं! आडवी घेऊ का म्हनून इचारलेलं!" अर्धी खोली उठून चित्राभोवती गोळा झाली, बाहेरून आणखी माणसं शिरली, आणि त्या निळ्या छपरावर बोटं ठेवून लोक आपापल्या खारी दाखवू लागले. कुणाची कुठे संपत होती यावरून दोन भावांची तिथेच जुंपली. समीक्षकांना एव्हाना धीर आला होता. त्यांनी माइक ओढला आणि जाहीर केलं की हा चित्रकाराने मुद्दाम साधलेला श्लेष आहे, जमीन आणि जीव यांचं अद्वैत आहे. पुन्हा टाळ्या! सर्वात जोरात कार्यकारिणीच्या. काळूरामने नमस्कार केला. दहा मिनिटांपूर्वी बोकड होतं ते, आता अद्वैत झालं.

निघताना भाऊ मला जिन्यापाशी थांबवून म्हणाले, "पार्सलवाल्याला मी दुसरीकडं जागा देतंय. हे राहूदे." आणि मग खालच्या आवाजात, "त्या बुकाचं काय ते आपसातच ठेव." खोली भरली होती हे खरं. पण भाऊंनी वाचनालय ठेवलं ते त्यासाठी नव्हे. बंद केलं असतं तर का बंद केलं हे सांगावं लागलं असतं, आणि मग सातवीतली गोष्ट निघाली असती. भिवंडीतलं हे एकच वाचनालय असेल जे कुणी काही वाचलेलं नाही म्हणून वाचलं.

घरी आल्यावर आईने भात घातला, मांदेली तळली. मी जेवायला बसलो तो फणफणतच. "आई, चारचौघांत विचारायचं काय अडलं होतं? घरी विचारायचं!"

"घरी तू बोलतंस कवा माज्याशी? बोललास तरी माजं बोलनं सुदारतंस."

जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. समीक्षकांची नाही, भाऊंची नाही, त्या लोकांना मी अजूनही हिंग लावून विचारत नाही. आईची वाटली. मी म्हणालो, "आई, मी ते पुस्तक वाचलेलं नाही. शेवटचं पान वाचलं, बस्स."

ती काही चिडली नाही. माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "आपली खार भाऊला दिली तवाचा कागद वाचलावतास?"

"तो वाचला होता. प्रत्येक पान. दोनदा वाचला."

"त्येच्यात लिवलं व्हतं खार म्हनून?"

मी आठवून बघितलं. सगळं आठवलं. गट क्रमांक होता. क्षेत्र होतं. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस खाजण, अशा चारही सीमा होत्या.

"नाही," मी म्हणालो. "खार असं कुठेच नव्हतं."

आईने हातातली पळी खाली ठेवली.

"मंग मी आंगठा कशाला दिला रं?"